नाशिकहून वाघाच्या जंगलात : व्याघ्र प्रकल्प नेमका चालतो कसा

नाशिककरांना बिबट्या नवा नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात तोडणीच्या वेळी त्याचे बछडे सापडतात, नदीकाठच्या मळ्यांत पिंजरे लागतात आणि कधीकधी तो थेट शहरातील वस्तीत शिरल्याची बातमी येते. त्यामुळे ताडोबाला जाऊन आलो असे कोणाला सांगितले की एक प्रश्न हमखास विचारला जातो : बिबट्या आपल्या उसात राहू शकतो, मग एकट्या वाघासाठी शेकडो चौरस किलोमीटर जंगल राखायचे, तिथली गावे हलवायची आणि आत जाणाऱ्यावर इतकी बंधने घालायची, हे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एकदा समजले की व्याघ्र प्रकल्पात गेल्यावर जाचक वाटणारा प्रत्येक नियम कुठून आला, हेही उलगडत जाते.

उत्तर वाघाच्या भुकेत आहे. बिबट्या पन्नास-साठ किलोंचा प्राणी असून भटके कुत्रे, शेळी, डुक्कर, कोंबडी, ससा, घूस अशा कशावरही त्याचे भागते आणि लपायला उसाचा एक फड त्याला पुरतो. पूर्ण वाढलेला नर वाघ मात्र दोनशे किलोंच्या आसपास भरतो. त्याला आठवड्याला साधारण चितळाएवढी एक शिकार, म्हणजे वर्षाला सुमारे ५० जनावरे लागतात, आणि बछडी सोबत असलेल्या वाघिणीला ६० ते ७०. आता कळपातील दहा जनावरांपैकी वर्षाला एकच मारले गेले, तर कळप आपली संख्या टिकवून धरतो, असा अभ्यासकांचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजेच वर्षाला ५० जनावरे खाणारा एक वाघ जगण्यासाठी त्याच्यामागे चितळ, सांबर, रानडुक्कर, नीलगाय अशी ५०० जनावरे जिवंत असावी लागतात. त्या ५०० जनावरांना गवत हवे, पाला हवा, मे महिन्यातही न आटणारे पाणी हवे आणि शिकाऱ्यांच्या कुत्र्यांचा व कुऱ्हाडींचा त्रास नसलेली जागा हवी. शिकार भरपूर असलेल्या जंगलात एका वाघिणीला साधारण २० चौरस किलोमीटर पुरतात, शिकार विरळ असेल तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. वाघासाठी राखलेले जंगल प्रत्यक्षात गवत, पाणी आणि चितळांसाठी राखलेले असते, ही गोष्ट मनात पक्की धरून आत गेले तर पुढचे सगळे सोपे होते.

कायद्याच्या भाषेत संरक्षित जागांचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांतले काही आपल्या जिल्ह्यातच पाहायला मिळतात. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. येवला तालुक्यातील काळविटांचे ममदापूर, तसेच बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत, जिथे स्थानिकांचा वावर आणि सहभाग गृहीतच धरलेला असतो. राष्ट्रीय उद्यानाचे बंधन यांपेक्षा कडक असते, तिथे चराईला परवानगी नाही. व्याघ्र प्रकल्प हा या सर्वांवर चढवलेला आणखी एक थर आहे. ताडोबाचेच उदाहरण घेतले तर तिथे शिकारीवर १९३५ मध्ये बंदी आली, १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. आज त्याचे एकूण क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे. राज्यात असे सहा प्रकल्प आहेत : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री.

व्याघ्र प्रकल्पाची देशपातळीवरील योजना १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते. त्यानंतरच्या तीस वर्षांत बरेच काही साधले, पण २००५ च्या सुरुवातीला राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि सगळी व्यवस्था हादरली. कागदावर वाघ होते, जंगलात नव्हते. त्या धक्क्यातून २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि प्रत्येक प्रकल्पाचे गाभा क्षेत्र आणि बफर क्षेत्र असे दोन भाग कायद्याने बंधनकारक झाले.

गाभा क्षेत्र, ज्याला गाईडपासून जिप्सीचालकापर्यंत सगळे ‘कोअर’च म्हणतात, ते माणसाच्या वावरापासून शक्य तितके मुक्त ठेवायचे असते. वाघीण इथे वीण करते आणि इथून वाढलेले तरुण वाघ बाहेर पसरतात. ताडोबाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. त्याभोवतीच्या सुमारे १,१०० चौरस किलोमीटरच्या बफरमध्ये मात्र गावे आहेत, भातशेती आहे, गुरे आहेत, मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणारी माणसे आहेत. गाभ्यातल्या गावांचे पुनर्वसन स्वेच्छेनेच व्हावे, असे कायदा सांगतो. त्यासाठी केंद्राने ठरवलेली रक्कम आधी प्रति कुटुंब १० लाख रुपये होती, ती २०२१ मध्ये १५ लाख करण्यात आली. ताडोबात नवेगाव आणि जामणी ही गावे अशी बाहेर आली. जिथे पूर्वी शेते होती तिथे आता गवताळ माळ तयार झाले आहेत, त्यावर चितळांचे मोठे कळप चरतात आणि त्यांच्या मागे वाघ येतो. जामणीच्या माळावर वाघ छान दिसतो, असे आपण आल्यावर कौतुकाने सांगतो. तो माळ म्हणजे कोणाच्या तरी घराचे अंगण आणि बापजाद्यांनी कसलेले वावर होते, हेही त्याच श्वासात सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पर्यटकाला मिळणारी जागा या सगळ्याचा एक लहानसा तुकडा असते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन काही आठवडे पूर्ण थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये ती बंदी उठली ती नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह, आणि त्यानुसार गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येतो. म्हणूनच गाड्यांची संख्या ठरलेली असते, प्रवेशद्वार ठरलेले असते, आणि सुटीच्या दिवसांचे आरक्षण पाहता पाहता भरते. हे कोणी मुद्दाम केलेले अडवणुकीचे काम नाही. उरलेल्या ८० टक्क्यांत कोणाचीही जिप्सी जात नाही, म्हणून या २० टक्क्यांत आपल्याला वाघ दिसण्याची शक्यता टिकून आहे.

आता प्रत्यक्ष जंगलाकडे येऊ. विदर्भातील ही जंगले उष्ण कटिबंधातील शुष्क पानगळीची आहेत. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत हिंडलेल्या माणसाला साग, ऐन, मोह, तेंदू ओळखीचे वाटतील, फक्त इथे जमीन सपाट आहे आणि मधूनमधून बांबूच्या दाट बेटांची भर आहे. पांढऱ्या-गुलाबी खोडाचे कांडोळ, ज्याला लोक भुताचे झाड म्हणतात, ते निष्पर्ण असताना संध्याकाळच्या उजेडात पाहण्यासारखे असते. या झाडांनी उन्हाळ्यात पाने गाळणे ही पाणी वाचवण्याची युक्ती आहे, आणि पर्यटकाच्या ऋतूचे सगळे गणित तिच्यावर बसलेले आहे. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवेगार आणि इतके दाट असते की दहा हातांवर बसलेला वाघही दिसणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पाने गळतात, नजर लांबवर जाते. एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात आणि सगळे प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर येऊ लागतात, त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक असते. मात्र चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उघड्या जिप्सीत नाशिकच्या हवेची सवय असलेल्या माणसाचा कस लागतो. लहान मुले किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर मी फेब्रुवारीचा शेवट सुचवेन.

१ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते. पावसात कच्चे रस्ते चिखलाने भरतात, चाकांनी ते उखडले जातात, आणि गवताला व जनावरांना निवांतपणा मिळण्याचा हाच काळ असतो. वनरक्षकांची पायी गस्त मात्र याच दिवसांत अधिक कसोटीची असते. उन्हाळ्यात त्यांच्यापुढे वेगळे संकट असते ते वणव्याचे. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि आग पसरते. तिला अडवण्यासाठी उन्हाळ्याआधीच पट्टे जाळून मोकळे करतात, त्यांना जाळरेषा म्हणतात. सफारीत रस्त्याकडेला काळे पडलेले लांबच लांब पट्टे दिसले तर जंगल जळाले असे समजून हळहळू नये, ते जंगल वाचवण्यासाठी केलेले काम असते.

सफारीची सर्वांत समृद्ध बाजू मात्र डोळ्यांपेक्षा कानांनी अनुभवायची असते, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या हातून निसटते. गाईड अचानक हात वर करून गाडी थांबवायला सांगतो, इंजिन बंद होते, आणि तो हळूच म्हणतो, “कॉल आहे.” कॉल म्हणजे धोक्याची सूचना देणारी ओरड. चितळ वाघाला किंवा बिबट्याला पाहून तीक्ष्ण, तुटक आवाज काढते, पण ते थोडे घाबरट असल्यामुळे नुसत्या शंकेनेही ओरडते. वानर झाडाच्या शेंड्यावरून पाहत असते, त्याची नजर लांब पोहोचते, आणि त्याचे खोकल्यासारखे खक् खक् ऐकू आले की ते कोणत्या दिशेला तोंड करून बसले आहे हे पाहावे. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. सांबराचा घुमणारा ‘ढाँक’ सर्वांत भरवशाचा, कारण सांबर बहुधा शिकारी जनावर प्रत्यक्ष दिसल्याशिवाय किंवा त्याचा वास पक्का आल्याशिवाय ओरडत नाही. शेपटी ताठ करून, पुढचा पाय जमिनीवर आपटत उभे असलेले सांबर ज्या दिशेला पाहत असेल, तिकडे वाघ असण्याची शक्यता मोठी. कॉल एका जागेवरून पुढे सरकत असेल तर वाघ चालतो आहे. कॉल थांबला तर तो बसला आहे, किंवा जनावरांना दिसेनासा झाला आहे. अनुभवी गाईड या आवाजांवरून वाघ कुठल्या रस्त्यावर बाहेर पडेल हे ताडतो आणि गाडी तिथे नेऊन थांबतो. इंजिन बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटे नुसते बसण्याचा त्याचा आग्रह म्हणूनच मानावा. मागच्या सीटवरून “चला ना पुढे” अशी घाई करू नये.

जमीनही बोलते. वाघाला मऊ धुळीचे रस्ते चालायला आवडतात, त्यामुळे सकाळच्या पहिल्या फेरीत ठसे ताजे मिळतात. नराच्या मागच्या पायाचा ठसा साधारण चौकोनात बसेल असा, तर मादीचा लांबट. ठशावर गाडीच्या चाकाची खूण असेल तर वाघ तिच्या आधी गेला, चाकाच्या खुणेवर ठसा असेल तर नंतर. झाडाच्या बुंध्यावरचे ओरखडे आणि पानांवर उडवलेला द्रव या त्याच्या हद्दीच्या खुणा. या द्रवाला सुवासिक तांदळासारखा वास येतो, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. बासमतीला सुगंध देणारा जो घटक, तोच वाघाच्या या द्रवातही असतो. घोटी-इगतपुरीकडे सुवासिक भात शिजताना ज्याने घरभर दरवळ अनुभवला आहे, त्याने जंगलात झाडाखालून जाताना तसा वास आला तर सावध होऊन आजूबाजूला पाहावे.

आमच्या पहिल्या सहलीत चार फेऱ्यांमध्ये वाघ दिसला नाही. तिसऱ्या फेरीत एका पाणवठ्याजवळ सांबर सलग ओरडत राहिले, आम्ही श्वास रोखून बसलो होतो, बांबूची एक फांदी हलली आणि पुन्हा सगळे शांत झाले. त्या दिवशी मला ती निराशा वाटली होती. आज ती अर्धी घटिका मला पुढे प्रत्यक्ष पाहिलेल्या वाघांइतकीच स्पष्ट आठवते.

वाघ दिसत नाहीत, मग मोजतात कसे, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. पूर्वी पावलांचे ठसे काचेवर गिरवून किंवा प्लास्टरमध्ये घेऊन गणती होत असे. एकाच वाघाचे ठसे मातीनुसार बदलतात, आणि त्यामुळे ती पद्धत फसवी ठरली. सरिस्कानंतर ती सोडण्यात आली. आता जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून वाटांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. समोरासमोर का, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, आणि प्रत्येक वाघाचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे वेगळे असतात. तरीही प्रत्येक वाघ कॅमेऱ्यात येतोच असे नाही. तिथे एक साधे गणित मदतीला येते. समजा गंगापूर धरणात किती मासे आहेत हे जाणून घ्यायचे आहे. आपण १०० मासे पकडले, खूण करून सोडले. काही दिवसांनी पुन्हा १०० पकडले आणि त्यांत खूण असलेले २० निघाले. म्हणजे आधी खूण केलेले १०० हे एकूण माशांच्या पाचवा हिस्सा असावेत, आणि धरणात सुमारे ५०० मासे असावेत. वाघाच्या बाबतीत पकडण्याची गरज नसते, कारण खूण निसर्गानेच केलेली आहे. दर चार वर्षांनी होणाऱ्या या अंदाजात २००६ मध्ये देशात १,४११ वाघ होते, २०२२ मध्ये सुमारे ३,६८२. महाराष्ट्राचा आकडा याच काळात १०३ वरून ४४४ वर गेला.

ही वाढ आनंदाची आहे, पण तिचा भार बफरमधल्या माणसांवर पडतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही मोठ्या संख्येने राहतात. उन्हाळ्यात पहाटे वाकून तेंदूपाने तोडणारी बाई वाघाला चार पायांच्या जनावरासारखी भासू शकते, आणि अशा हल्ल्यांत दरवर्षी माणसे जिवानिशी जातात. पर्यटनाचे पैसे या गावांपर्यंत पोहोचले तरच वाघ त्यांना नकोसा होणार नाही. गाईड, जिप्सीचालक, निवासात स्वयंपाक करणाऱ्या महिला याच गावांतल्या असतात, आणि प्रवेशशुल्क प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे जाऊन त्यातला वाटा गावांच्या कामांसाठी वापरला जातो. म्हणून गाईडच्या शुल्कावरून घासाघीस करू नये, आणि जमेल तर बफरमधली एक तरी फेरी घ्यावी. तिथे वाघ दिसतातच, शिवाय गाभ्यावरची गर्दी कमी होते.

नियमांचे म्हणाल तर बहुतेक एका वाक्यात सांगता येतात : गाडीतून उतरू नये, काही खायला टाकू नये, आवाज करू नये, प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे आणि त्याची वाट कधीही अडवू नये. शेवटचा नियम किती महत्त्वाचा आहे हे २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले, जिथे एक वाघीण आणि तिची बछडी पुढे-मागे थांबलेल्या गाड्यांच्या मध्ये अडकली. चित्रफिती पसरल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही, त्याचेही मूळ इथेच आहे. वाघ कुठे दिसला हे फोनवर कळले की सगळ्या गाड्या एकाच वळणावर धावतात.

नाशिकहून जाणाऱ्यांसाठी वाट फार अवघड नाही. नाशिक रोडहून नागपूरला रेल्वे आहे, किंवा सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढता येते. ताडोबाचे मोहर्ली प्रवेशद्वार चंद्रपूरकडून जवळ पडते, तर कोलारा नागपूरहून चिमूरच्या बाजूने. आरक्षण करताना दिलेले मूळ ओळखपत्र सोबत हवे, आणि ताडोबा मंगळवारी बंद असतो हे विसरू नये. मेळघाट नाशिकपासून अंतराने जवळ आहे, अकोट किंवा परतवाड्याकडून तिथे जाता येते, पण सातपुड्याच्या त्या डोंगराळ, खोल दऱ्यांच्या जंगलात वाघ क्वचित दिसतो. ज्याला दऱ्या, कोरकू आदिवासींची गावे आणि नशीब असेल तर रानपिंगळा पाहायचा आहे, त्याने तिथेच जावे. शंभरहून अधिक वर्षे न दिसल्यामुळे नामशेष मानलेला हा लहानसा पिंगळा १९९७ मध्ये आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, शहाद्याजवळ पुन्हा सापडला होता.

पेंचला जाणार असाल तर नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. जंगलाच्या पट्ट्यात हा रस्ता मधूनमधून खांबांवर उचललेला आहे. त्याचे कारण असे की वाढलेले तरुण वाघ आईची हद्द सोडून नव्या जागेच्या शोधात निघतात. टिपेश्वर अभयारण्यात गळ्यात रेडिओ कॉलर बसवलेला एक तरुण नर २०१९ मध्ये तिथून निघाला, विदर्भ-मराठवाड्यातून आणि तेलंगणातून भटकत तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. तिथे त्याला शिकार मिळाली, जागा मिळाली, पण दुसरा वाघ तिथे एकही नव्हता. अशा वाटसरूंसाठी पेंचजवळ महामार्गाखालून नऊ ठिकाणी मोकळे मार्ग ठेवलेले आहेत, त्यांतला सर्वांत रुंद ७५० मीटरचा आहे. त्यांखालून जाणाऱ्या वाघांची, रानकुत्र्यांची, चितळांची छायाचित्रे तिथल्या कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. गाडी त्या पुलांवरून जाऊ लागली की मुलांना खिडकीबाहेर पाहायला सांगावे आणि खाली कोणाचा रस्ता आहे तेही सांगावे.